घोंगडीखालचे सहा श्वास

“उठला! अरे उठला! चालला बघा!”

खराडीच्या नदीकाठच्या त्या मोकळ्या प्लॉटवर तीन-चारशे माणसं एकदम ओरडली. दहा मिनिटांपूर्वी ज्या काळ्या बोकडाला चौघांनी टेम्पोतून उचलून आणलं होतं, तो दुखरा पाय जमिनीला टेकवून सरळ चालत निघाला होता. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल उंच धरले. पलीकडच्या काचेच्या इमारतींमधून चहाच्या सुट्टीत आलेली, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मुलंही “ओ माय गॉड” म्हणत होती. देवाचं नाव त्यांनी निदान इंग्रजीत घेतलं, तेवढाच काय तो शिक्षणाचा उपयोग झाला.

मधोमध पत्र्याच्या शेडखाली दर गुरुवारप्रमाणे दत्तोबा महाराज बसले होते. पन्नाशीच्या आतलं वय, पांढरं धोतर, कमरेला भंडाऱ्याची पिवळी पिशवी आणि समोर काळी घोंगडी. घोंगडी मेंढपाळांची, भंडाराही त्यांचाच. या माणसाने आयुष्यात एक मेंढरू राखलं असेल तर शपथ.

“डॉक्टर काय म्हणतो?” महाराजांनी माइकवरून विचारलं.

“सहा आठवडे!” गर्दी म्हणाली. तिला हे पाठ होतं.

“आणि देव काय म्हणतो?”

“सहा श्वास!”

“हाड मोडतं ते माणसाच्या जगात, लेकरांनो! माझ्या घोंगडीखाली माणसाचं जग संपतं. आणा पुढे, कोणाचं आहे?”

एक तांबडी शेळी लंगडत पुढे आणली गेली. महाराजांनी ती घोंगडी तिच्यावर टाकली, स्वतःचे दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले आणि डोळे मिटले. गर्दी मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. चाराला घोंगडीखालून शेळी एकदाच ओरडली.

“निघाली! पीडा निघाली!” महाराज गरजले. सहा झाल्यावर आरती सुरू झाली. आरती संपेपर्यंत घोंगडी उचलायची नाही, हा नियम. टाळ्या, घंटा, शंख, सगळं यथासांग झालं. मग घोंगडी निघाली आणि तांबडी शेळी चार पायांवर चालत मालकाकडे गेली.

माझ्या शेजारी सरुबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला इथे ओढून आणलं होतं ते त्यांनीच. “बगितलंत न्हवं, मॅडम?”

बघितलं होतं. पण त्यापेक्षा जास्त ऐकलं होतं.

मी प्रेमला ओव्हाळ. एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि आता येरवड्याला निवृत्त आयुष्य काढते आहे. लोक डॉक्टरीणबाई म्हणतात, मी डॉक्टर नाही असं सांगून दमले. पण शेळ्यांना इंजेक्शनं किती दिली ते मोजायला बसले तर पंचांग संपेल. भुकेलेली शेळी लांब सूर लावते. पिलाला हाक मारताना घोगरी होते. आणि सुई टोचली की एकदाच, आखूड ओरडते, आपल्याला कोणी विचारलंच नाही अशा रागाने. घोंगडीखालून मी तो आवाज ऐकला होता. सुई टोचून दुखणं बधिर करायचं, आणि औषध चढायला दहा मिनिटं लागतात म्हणून दहा मिनिटांची आरती. शाळेतल्या पोरालाही जमेल असा हिशेब.

सरुबाईंचा नातू ऋषी मोबाईलवर सगळं टिपत उभा होता. इंजिनिअर मुलगा, त्याच काचेच्या इमारतीत कामाला. महाराजांचा ग्रुप तोच चालवायचा.

“काय रे ऋषी,” मी विचारलं, “आरती बरोबर दहा मिनिटांचीच असते का?”

“मॅडम, तुम्ही ना, उगाच ओव्हरथिंक करता. रिझल्ट बघा ना. डेटा बोलतो.”

“शेळीपण बोलते. ऐकायला कोण आहे?” मी म्हटलं आणि हसत निघाले.

हो, हसत. तो माणूस कोण, सुईत काय आहे, हे विचारायला मी थांबले नाही. जनावरांचं दुखणं तर थांबतंय, औषध देतो तर देऊ दे, वाईट काय, असं मनाशी म्हणून मी घरी जाऊन मेथी निवडत बसले. हे वाक्य मला पुढे परत ऐकावं लागलं, ते सांगेनच.

सरुबाईंकडे माझं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं ते चंद्रीमुळे. चंद्री त्यांची शेळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. खराडी गाव होतं तेव्हा या घरी चाळीस शेळ्या होत्या. आता गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा आडोसा आणि चार शेळ्या, त्याही बिल्डरांच्या रिकाम्या प्लॉटवर चरणाऱ्या. तिथेच पाण्याच्या टँकरने चंद्रीला धडक दिली आणि पुढचा डावा पाय मोडला. ते गुढीपाडव्याच्या जरा आधी. माझा नंबर त्यांनी वीस वर्षांपूर्वी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता, तो अजून तिथे होता.

मी हाड जुळवून कापूस गुंडाळला, बांबूच्या कांब्या लावल्या आणि वरून प्लास्टर केलं. शेळीचं हाड फार गुणी असतं. गप्प ठेवलंत तर ते जुळतं. “सहा आठवडे हिला दावणीला ठेवायची. पाला इथे आणून घालायचा. खपच्ची काढायची नाही, मी येऊन काढेन,” असं मी तीनदा बजावलं.

चंद्री गाभण होती. बोकड कधी दाखवला, म्हणून विचारलं तर सरुबाई म्हणाल्या, “चंपाषष्ठीला. सकाळी देवाची तळी भरली आन् दुपारी बोकड दावला.”

शेळी साधारण दीडशे दिवसांनी विते. मी बोटांवर मोजलं. “अक्षय्य तृतीया झाली की पुढच्या आठवड्यात.”

“पर नेमकं कवा?”

“चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे.”

“आसं कसं? दिस सांगा की एक.”

“सरुबाई, मी ज्योतिषी नाही,” मी तुटकपणे म्हटलं. पुण्यात राहून मला ते छान जमतं. तेव्हा कळलं नाही की त्यांना एक दिवस हवा होता, हातात धरायला. खरं सांगणाऱ्याला चार दिवस इकडे-तिकडे म्हणावंच लागतं. खोटं बोलणाऱ्याला तशी काही अडचण नसते.

त्यांना दिवस का हवा होता, ते मला ऋषीच्या बायकोने, निशाने सांगितलं. ऋषीची आई त्याच्या जन्माच्या वेळी गेली. त्याला सरुबाईंनी शेळीच्या दुधावर वाढवला, आणि ती शेळी म्हणजे चंद्रीची पणजी. आता निशाला पाचवा महिना होता. पणतवंडाच्या वेळी घरात दुभती शेळी असलीच पाहिजे, एवढा एकच धोशा म्हातारीने लावला होता. शेळीची चिंता आणि नातसुनेची चिंता त्यांच्या पोटात एकाच गाठीत बांधलेली होती.

निशा घरूनच काम करायची. कानावरचे हेडफोन काढून ती माझ्याकडून एकेक गोष्ट शिकून घ्यायची आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवायची. आम्ही आडोशाचा एक कोपरा झाडून, चुना मारून कोरडा केला. वर गवत, गवतावर धुतलेलं गोणपाट. एका डब्यात आयोडीनची बाटली, दोरा, नवं ब्लेड आणि सरुबाईंच्या जुन्या लुगड्याचे उकळून वाळवलेले तुकडे.

“करडू बाहेर आलं की पहिलं काय करायचं?” निशाने विचारलं.

“नाकातोंडातला चिकटा पुसायचा. मग नाळेला आयोडीन. आणि अर्ध्या तासात चीक पाजायचा.”

“वार पडल्याबिगर चीक पाजत न्हाईत,” सरुबाई मध्येच म्हणाल्या. “आमच्यात न्हाई चालत.”

“तुमच्यात चालत नाही म्हणून किती करडं मेली, सरुबाई? चीक म्हणजे त्याचं पहिलं औषध. करडामागून ती वार पडायला चार तास लागले तर ते तोवर थंड पडतं.”

त्यांनी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यातला फरक मला एकतीस वर्षांत तरी कळायला हवा होता.

पुढच्या गुरुवारी मला न सांगता त्यांनी चंद्रीला महाराजांकडे नेलं. महाराजांच्या शिष्याने कात्रीने माझी खपच्ची कापली. घोंगडी, सहा श्वास, आरती. चंद्री चार पायांवर चालली. आणि महाराजांनी तिच्या पोटावर हात ठेवून भर गर्दीत सांगितलं, “शनिवारी. हनुमान जयंतीला. सूर्य उगवताना.”

शनिवारी सकाळी सहाला निशाचा फोन आला. “मॅडम, चंद्री वितेय.”

मी पलंगावर बसूनच बोटं मोजली. चोवीस दिवस आधी. रिक्षा करून गेले, तर दारात पन्नास माणसं. ऋषी लाइव्ह दाखवत होता. “सूर्य बघा, वेळ बघा. गाईज, एक्झॅक्ट टायमिंग!”

आत त्या चुना मारलेल्या कोपऱ्यात दोन करडं होती. एक निघालं तेच मेलेलं. दुसऱ्याला निशाने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. तिने सगळं बरोबर केलं होतं, तोंड पुसलं होतं, नाळेला आयोडीन लावलं होतं. मी करडू हातात घेतलं. अंगावर जेमतेम लव, खूर मेणासारखे मऊ, हिरडीत एक दात नाही. श्वास वरच्या वर, बरगड्यांमध्ये खड्डे पाडणारा. कच्चं होतं ते, महिनाभर कच्चं.

“चीक काढा,” मी म्हटलं. “चमच्याने पाजू.”

सरुबाई कासेशी बसल्या होत्या आणि त्यांच्यापाशी महाराजांचा शिष्य पितळी तांब्या घेऊन उभा होता. पहिला चीक महाराजांचा, त्याचा खरवस होऊन प्रसाद वाटला जायचा. चंद्रीची कास भरलीच नव्हती, भरणार कशी? दाबून दाबून दोन चमचे निघाले, तेही तांब्यात.

“सरुबाई, तो इकडे द्या.”

“मॅडम, नेम हाय त्यांचा.” त्यांनी तांब्या जवळ ओढला. “मोडला तर सुनंवर येईल.”

“अहो, हे मरतंय!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तांब्या शिष्याच्या हातात दिला आणि तो डोक्याला लावून शिष्य निघून गेला. ऋषीने तेही टिपलं.

दुसऱ्या शेळीचं दूध कोमट करून आम्ही थेंब थेंब घातलं. निशाने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. साडेदहाला करडू गेलं. त्या दोन चमच्यांनी ते जगलं असतं, असं मी म्हणणार नाही. त्याची फुफ्फुसंच तयार नव्हती. पण त्याच्या वाट्याचं जे होतं ते त्याला मिळायला हवं होतं, एवढं मात्र मी म्हणेन. आणि चंद्री तीन पायांवर उभी होती. बधिरपणा उतरला होता, दोन दिवस त्या पायावर चालल्याने जुळत आलेलं हाड सरकलं होतं आणि कातडीखाली वाकडं दिसत होतं.

दुपारी शिष्य परत आला, महाराजांचा निरोप घेऊन. “घरात पोटुशी आहे. संकट तिच्यावर होतं. करडांनी ते अंगावर घेतलं आणि गेली. येत्या गुरुवारी तिला घेऊन या. तिला भंडारा देतो आणि तिचाही दिवस सांगतो.”

घरात पोटुशी आहे हे महाराजांना कसं कळलं, यावर दारात बराच अचंबा झाला. ऋषीने पेढ्यांच्या फोटोसकट ग्रुपवर टाकलं होतं, तसं कळलं.

सरुबाई ऐकता ऐकता खाली बसल्या आणि रडू लागल्या. मला वाटलं, आता तरी. तर त्या हात जोडून म्हणत होत्या, “टळलं गं माय. माज्या सुनंवरचं टळलं.” दोन मेलेली करडं गोणपाटावर पडली होती आणि म्हातारी आनंदाने रडत होती. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. कशी ते अजून कळायचं होतं, पण त्या माणसाने तिची करडं मारली, त्यांचा चीक खाल्ला आणि वर तिच्याकडून आभार मानून घेतले. तिला धड दुःखही करू दिलं नाही.

पुढचे तीन दिवस मी त्या ग्रुपवरची नावं काढून घरं फिरले. महाराजांनी दिवस सांगितलेल्या आणखी पाच शेळ्या मला सापडल्या. पाचही नेमक्या त्याच दिवशी व्यायल्या होत्या. नऊ करडं, त्यातली सात मेली. पाचही घरांत मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, संकट टळलं. कोणाच्या पोराचा अपघात टळला होता, कोणाची नोकरी वाचली होती. बोकड कधी दाखवला हे कोणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे दिवस पुरे भरले होते का, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आणि पाचही शेळ्या दोन दिवस आधी त्या घोंगडीखाली गेल्या होत्या.

तेव्हा मला कळलं, सुया दोन होत्या. लंगड्यासाठी एक आणि गाभण शेळीसाठी दुसरी.

मी निशाला पायरीवर बसवून सांगितलं. “गायी-म्हशी माजावर याव्यात म्हणून एक इंजेक्शन मिळतं. डॉक्टरांनी तपासून द्यायचं. ते गाभण शेळीला दिलं की गर्भ धरून ठेवणारी शक्तीच सुटते. दीड दिवसात शेळी मोकळी होते, करडू पिकलेलं असो की कच्चं. गुरुवारी संध्याकाळी सुई दिली की शनिवारी सकाळी वितेच. यात भविष्य नाही. आधी गोळी झाडायची आणि मग हा मरणार म्हणून सांगायचं, तसलं आहे.”

निशा पोटावर हात ठेवून बसली होती. “आणि ते माणसाला?”

“पोटुशी बाईने ती बाटली हातातसुद्धा धरायची नसते. कातडीतून आत जातं. आणि तो बाटल्या ठेवतो कुठे? कमरेला पिशवी एकच आहे, भंडाऱ्याची.”

“तोच भंडारा मला देणार आहेत. खायला.”

“जाऊ नकोस. सरळ नाही म्हण.”

“नाही म्हणेन, मॅडम. आणि उद्या बाळंतपणात काही झालं तर? आयुष्यभर सगळे म्हणतील, गेली असती तर बरं झालं असतं. आजी तर बोलणारही नाहीत, नुसत्या बघत राहतील.” तिने मोबाईल काढला. मग म्हणाली, “मी जाते. भंडाऱ्याला हात लावत नाही. पण मला एवढं सांगा, शेळी ओरडते ती कितव्या आकड्याला?”

“चार.”

मी पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. गुरुवारी साध्या कपड्यातले दोन पोलीस गर्दीत येऊन उभे राहिले. मला महाराजांचे शिष्य जवळ फिरकू देणार नव्हते, पण निशा त्या दिवशीची मानाची बाई होती. तिला घोंगडीपासून दोन हातांवर बसवलं होतं, शेजारी सरुबाई. तिचा नंबर दुसरा. पहिला नंबर वडगाव शेरीच्या एका गाभण शेळीचा.

“डॉक्टर काय म्हणतो?” महाराज गरजले. “डॉक्टर म्हणतो, बघू! देव म्हणतो, बघितलं!”

घोंगडी पडली. हात आत गेले. गर्दी मोजू लागली. एक, दोन, तीन, चार.

शेळी ओरडली आणि निशाने घोंगडीचं टोक धरून जोरात ओढलं.

महाराजांचा डावा हात शेळीच्या मांडीवर होता. उजव्या हातात सिरिंज होती, सुई अजून आत. त्यांनी ती झटकन उपसून पिशवीत घालायचा प्रयत्न केला आणि त्या गडबडीत पिशवी सांडली. पिवळ्या भंडाऱ्यात दोन बाटल्या गडगडत बाहेर आल्या. ठरल्याप्रमाणे निशा लगेच मागे सरकली. आरतीवाल्याने सवयीने घंटा वाजवली.

मी पुढे होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीने एक बाटली उचलली.

“ही सुई देवाची आहे!” महाराज ओरडले. “हात लावू नकोस बाई, भस्म होशील!”

“देवाने औषधाच्या दुकानातून घेतलेली दिसते. अहो, किंमतसुद्धा छापली आहे,” मी म्हटलं. “ऋषी, इकडे ये. माझा चष्मा नाही आणला. तुझं इंग्रजी चांगलं आहे, बारीक अक्षर वाच मोठ्याने.”

माझा चष्मा डोळ्यांवरच होता. ऋषीच्या ते लक्षात आलं नाही. त्याने मोबाईल खाली केला आणि वाचू लागला. गायी-म्हशींना माजावर आणण्यासाठी. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. गाभ ठेवायचा असेल त्या जनावराला देऊ नये. आणि शेवटच्या ओळीवर तो थांबला.

“वाच ना.”

“गरोदर स्त्रियांनी हाताळू नये,” तो म्हणाला. मग त्याने समोर सांडलेल्या भंडाऱ्याकडे बघितलं, आणि निशाकडे.

गर्दीत कुजबुज वाढली. तेवढ्यात एक गृहस्थ, चांगले शर्टपॅन्टमधले, पुढे येऊन म्हणाले, “पण मॅडम, औषध देत असतील तर देऊ दे की. जनावरांचं दुखणं तर थांबतंय. वाईट काय?”

माझं वाक्य. शब्दन् शब्द माझं.

मग मी सगळं सांगितलं, माइकशिवाय. मोडलेल्या पायाचं दुखणं हाच त्याचा पहारेकरी असतो, तो बेशुद्ध केला की जनावर मोडक्या हाडावर चालतं आणि कायमचं अधू होतं. आरती म्हणजे औषध चढायला लागणारा वेळ. शेळीचं ओरडणं म्हणजे सुई. सांगितलेला दिवस म्हणजे दोन दिवस आधी केलेलं कृत्य. आणि टळलेलं संकट म्हणजे मेलेल्या करडांचं बारसं. पोलिसांनी महाराजांना जीपमध्ये बसवलं तेव्हा दोघीतिघी बायका अजूनही त्यांच्या पाया पडत होत्या. प्लॉटचे मालक जयसिंगराव सगळ्यांना सांगत फिरत होते की आपण भाविक म्हणून जागा दिली, बाकी काही माहीत नाही. त्या जागेचा भाऊबंदकीत दावा चालू होता, आणि देव बसलेली जागा कोणी सहसा मोकळी करून मागत नाही, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

विजय झाला म्हणाल, तर थांबा. वडगाव शेरीच्या त्या शेळीला निम्मं औषध गेलंच होतं. शनिवारी ती गाभडली. ओरडल्याशिवाय घोंगडी ओढू नकोस, हे निशाला मीच सांगितलं होतं. सुई हातात सापडायला हवी होती, म्हणून. त्या मालकिणीची मी माफी मागितली. ऋषीने ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ एकेक करून काढून टाकले, पण या गुरुवारचा टाकला नाही. टाकलाच नाही कोणी. चारशे मोबाईल होते तिथे.

पुढच्या रविवारी मी चंद्रीचा पाय बघायला गेले. हाड वाकडंच धरत होतं. जगेल, पण लंगडत. सरुबाई त्या चुना मारलेल्या कोपऱ्यात बसल्या होत्या. निशाने दिलेला चहा गार झाला होता.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “मंग सुनंवर काय बी नव्हतं?”

“काही नव्हतं. तिची तपासणी चांगली आहे, दवाखान्यात नाव घातलं आहे. तिचं व्यवस्थित होईल, असं डॉक्टर म्हणतात. दिवस विचारलात तर तेही चार इकडे, चार तिकडेच सांगतील.”

त्यांनी मान हलवली. या वेळी पटलेली होती, कारण त्यानंतर त्यांनी जे विचारलं ते पटल्याशिवाय कोणी विचारत नाही.

“मंग माजी करडं कशापायी गेली?”

मी काहीतरी बरं वाटेलसं बोलू शकले असते. तुमच्या करडांमुळे पुढची वाचली, वगैरे. तेही खोटं झालं असतं, महाराजांच्याच जातीचं.

“कशापायीच नाही, सरुबाई,” मी म्हटलं. “उगीच गेली.”

तेव्हा त्या रडल्या. पहिल्यांदा करडांसाठी. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, आणि “म्या सोताच्या हातानं दिला तांब्या” एवढंच म्हणत राहिल्या. निशा त्यांच्या शेजारी बसली. मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी चंद्रीची पट्टी बदलली.

हे मी लिहिते आहे ते महाराजांसाठी नाही. तो सुटेल, दुसऱ्या गावात दुसरी घोंगडी पसरेल. लिहिते तुमच्यासाठी. बोकड दाखवला तो दिवस भिंतीवर लिहून ठेवा. दीडशे दिवस मोजा. चीक करडाला पाजा, ज्याचा आहे त्याला. मोडलेल्या हाडाला त्याचे सहा आठवडे द्या. आणि कोणी झाकून काही करत असेल तर उघडून दाखवा म्हणा. खरं औषध देणारा कधीही दाखवेल. आपल्याला कळलं एवढ्यावर समाधान मानून घरी जाऊ नका. ती घोंगडी ओढायला एक हात पुरला, पाच महिन्यांच्या पोटुशी बाईचा. पहिल्या गुरुवारी मला सगळं ऐकू आलं होतं, आणि मी हाताची घडी घालून हसत उभी होते.